घायपातीचा वाख काढून दोर वळायचाय? मग हे आधी वाचा

बांधावर घायपात फुकट उभी आहे, मोबाईलवर कुणाचा तरी पांढऱ्याशुभ्र वाखाचा, म्हणजे पातीतल्या धाग्याचा, व्हिडिओ बघितला आणि लगेच "वाख काढायचं मशीन केवढ्याला येतं?" हा प्रश्न. मला तरी दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी हेच विचारतं. मशीन ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. वाखाचं खरं काम पात कापल्यापासून ती धुवून वाळत पडेपर्यंतच्या टप्प्यात होतं किंवा बिघडतं, नंतर कितीही मन लावून दोर वळा, खराब वाखाचा दोर खराबच होणार. म्हणून मी शिकलो त्या क्रमाने सगळं लिहितोय. शिकवलं आमच्या भागातल्या मातंग समाजातल्या म्हाताऱ्या माणसांनी, ज्यांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, बलुत्यात अख्ख्या गावाला कासरे-दावी (जनावरांचे दोर) पुरवायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. नायलॉन आला आणि हे काम बसलं. तुमच्या गावात असं कुणी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्याकडे जा, आणि शिकवणीचे पैसे द्या, "काका जरा दाखवा की" म्हणून फुकटात उरकू नका.

१. झाड नीट ओळखा

घायपात म्हणा, केकताड म्हणा, आपल्याकडं या नावाखाली दोन-तीन वेगळी झाडं येतात आणि सगळी मूळची मेक्सिकोकडची. बांधावर, रेल्वेच्या कडेला जी रुंद, निळसर राखाडी पातीची, कडेला आकड्यासारखे काटे असलेली दिसते ती बहुतेक अमेरिकाना ही जात. तिचाही वाख निघतो, पण कडेच्या काट्यांमुळे काम दुप्पट आणि धागा त्या मानाने कमजोर. बाजारात ज्याला सिसल म्हणतात ती सिसलाना. तिची पात सरळ, तलवारीसारखी, हिरवी, चांगली वाढली तर दीड मीटरपर्यंत जाते, कडा जवळजवळ गुळगुळीत आणि टोकाला एकच काळपट टोकदार काटा. कडेवरून बोट (जपून!) फिरवलं की लगेच कळतं.

शिकायला अमेरिकाना चालेल, मी पण तीच वापरली. पण विकायचा माल करायचा असेल तर सिसलानाच.

आणि एक, हसू नका, खरंच होतं हे: शहरातली मंडळी घायपातीला कोरफड समजतात. कोरफडीची पात जाड, आत गर असतो. घायपातीच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कातडीला लागला की खाज, लाल चट्टे, कुणाकुणाला फोड. तोंडाला बिंडाला लावायला जाऊ नका.

२. मालकाला विचारा

घायपात बांधावर असते आणि बांध दोघांचा असतो. दोन्ही शेजाऱ्यांना विचारा. "ती काय कामाची, घेऊन जा" म्हणणारा माणूस तुम्ही टेम्पो भरायला लागला की भाव सांगायला येतो, म्हणून आधीच बोलून घ्या, जमलं तर चार ओळी लिहून घ्या. रेल्वेच्या किंवा वनखात्याच्या जागेतली पात परवानगीशिवाय कापायची नाही, ती कितीही बेवारस दिसली तरी.

३. काय काय लागेल

- धारदार कोयता किंवा विळा, लांब दांड्याचा असेल तर बरं
- जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, डोळ्यांना साधा प्लास्टिकचा चष्मा
- एक सपाट लाकडी फळी आणि बोथट लोखंडी पट्टी (खरवडायला)
- लाकडी मोगरी, म्हणजे धुणं बडवायची असते तसली
- पाण्याचा हौद किंवा मोठं पिंप
- वाळवायला बांबू किंवा तार
- विंचरायला फळीवर खिळे ठोकून केलेली फणी
- दोर वळायला हूक लावलेलं हाताचं चाक, आणि तीन खाचा पाडलेला लाकडी ठोकळा

चाक सुताराकडनं करून घ्या, जुन्या सायकलच्या भागांतनं पण होतं.

४. पात कापणं

झाड लावून तीन-एक वर्षं झाली की कापणी सुरू करता येते. खालची, जवळजवळ आडवी झालेली पाती कापायची. मधला उभा कोंब आणि त्याच्या भोवतीची पाती ठेवायची, निदान पंधरा-वीस. एकदाच सगळं साफ करून टाकलं की झाड मागं पडतं आणि पुढच्या वर्षी पाती आखूड येतात. बुंध्याला चिकटून एका घावात कापा. पात तोडली की पहिलं काम, टोकाचा काटा छाटायचा. तिथल्या तिथं छाटायचा, घरी नेऊन नाही, कारण भाऱ्यातला तो काटा वाहताना मांडीत घुसतो आणि दोन दिवस ठणकतं.

हिशोब आधीच सांगतो म्हणजे नंतर निराशा नको. पातीच्या वजनाच्या साधारण तीन ते चार टक्केच सुका वाख मिळतो. म्हणजे शंभर किलो पाती वाहून आणल्या तर हातात तीन-चार किलो. बाकी सगळं पाणी आणि चोथा. त्यामुळे पाती लांबून आणायचा विचार करू नका, भाडं सुद्धा निघणार नाही. काम झाडाजवळ न्यायचं.

आणि कापाल तेवढंच कापा जेवढं त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी खरवडून होईल. पात सुकली की गर धाग्याला चिकटून बसतो, मग तो निघत नाही, वाख पिवळा-तपकिरी आणि राठ होतो. नवीन माणूस उत्साहात सकाळी ढीगभर कापतो आणि संध्याकाळपर्यंत त्यातला चौथा हिस्सा सुद्धा उरकत नाही, उरलेला ढीग मग बांधावर तसाच वाळतो.

५. वाख काढणं

हा खरा भाग. रस्ते तीन आहेत.

पाण्यात कुजवून. जुनी पद्धत. पाती मोगरीने ठेचून, जुड्या बांधून पाण्यात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे. हवेच्या उष्णतेप्रमाणे आठ ते पंधरा दिवस लागतात, उन्हाळ्यात लवकर होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वास सुटतो, आणि वास म्हणजे काय साधा नाही, शेजारी भांडायला येतात. सातव्या दिवसापासून रोज एक पात काढून अंगठ्याने चोळून बघायची. गर सुटून धागा मोकळा झाला की त्याच दिवशी सगळं बाहेर. "अजून दोन दिवस राहू दे, जास्त सुटेल" हा मोह टाळा, गर कुजवणारे जंतू पुढे धागा पण कुजवतात, दिसायला वाख ठीक दिसतो पण पीळ दिला की तटकन तुटतो. मग दगडावर आपटून, बडवून धुवायचं.

विहिरीत, शेततळ्यात, वाहत्या ओढ्यात हे करायचं नाही. घायपातीचा रस माशांना विषारी असतो आणि ते पाणी जनावराने प्यायलं तर त्रास होतो. पूर्वी ओढ्याच्या डोहात करायचे, तेव्हा ओढ्याला पाणी पण बारमाही होतं. आता वेगळा हौद पाहिजे आणि पाणी पडीक जागेत सोडायचं.

हाताने खरवडून. शिकणाऱ्याने इथनंच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. ताजी पात फळीवर ठेवायची, मोगरीने हलक्या हाताने ठेचायची (चेंदामेंदा नाही, फक्त गर मोकळा होईल इतकं), एक टोक पायाखाली किंवा खुंटीला दाबून बोथट पट्टीने आपल्यापासून लांब खरवडत न्यायचं. हिरवा गर फेसासारखा निघतो आणि खाली पांढरे धागे दिसायला लागतात. अर्धी झाली की पात उलटी धरून दुसरी बाजू. पट्टीला धार नको, धार असेल तर धागे कापले जातात. एका पातीत हजारभर धागे असतात, पहिल्यांदा तुमच्या हातात त्यातले निम्मे येतील, बाकीचे गराबरोबर जातील. आठवडाभरात हात बसतो. वाख सगळ्यात पांढरा याच पद्धतीने निघतो, कुजवलेला इतका पांढरा होत नाही. पण कमाई म्हणून बघाल तर दिवसभरात फार थोडा माल होतो आणि खांदे भरून येतात.

मशीनवर. फिरणारा ड्रम, त्यावर बोथट पात्या, समोर एक पट्टी. पात हाताने आत सरकवायची, निम्मी गेली की ओढून घ्यायची, फिरवून दुसरं टोक सरकवायचं. लहान मशीन तीन ते पाच एचपीच्या मोटरवर किंवा डिझेल इंजिनवर चालतं. काम भराभर होतं यात शंका नाही. पण हे मशीन हात ओढतं. ओढणी, पदर, बांगड्या, घड्याळ, सैल बाही, काहीही चालणार नाही. पात आखूड उरली की सोडून द्यायची, शेवटचे चार इंच वाचवायला जायचं नाही. घेताना बघा की पात आत घालायच्या तोंडाला लांब पत्र्याचा हौदा आहे का आणि बंद करायचं बटण उभ्या जागेवरून हाताला येतं का. नसेल तर स्वस्त असलं तरी घेऊ नका. आणि ड्रम-पट्टीतलं अंतर कमीजास्त करता आलं पाहिजे, अमेरिकानाची पात जाड, सिसलानाची पातळ, एकाच अंतरावर दोन्ही नीट निघत नाहीत.

६. धुणं, वाळवणं, विंचरणं

काढला की लगेच धुवा. लगेच म्हणजे जेवायला जायच्या आधी. स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळखळून, पिळून, हिरवं पाणी यायचं थांबेपर्यंत. मग बांबूवर पातळ पसरून कडक उन्हात. उन्हानेच तो पांढरा होतो, वेगळी पावडर काही लागत नाही. जमिनीवर पसरायचा नाही, माती चिकटली की जात नाही. चांगलं ऊन असेल तर दिवसभरात वाळतो, संध्याकाळी दव पडायच्या आत उचला. दमट वाख रचून ठेवला तर काळे डाग आणि बुरशी नक्की, म्हणून पावसाळ्यात हे काम मी करत नाही. खरा हंगाम दिवाळीनंतर ते उन्हाळा.

वाळला की फणीवर विंचरून घ्या. आखूड धागे वेगळे पडतात, ते फेकू नका, गादीत किंवा उशीत भरायला, भांडी घासायला, प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मिसळायला चालतात. लांब धागे मुठीमुठीच्या जुड्या बांधून कोरड्या जागी.

७. दोर वळणं

तत्त्व एकच आहे, सूत एका दिशेला पिळायचं, आणि तीन पेड एकत्र करताना उलट्या दिशेला. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात म्हणून दोर सुटत नाही. एकाच दिशेने सगळं पिळलं तर हात सोडला की भसकन उलगडतं.

वाख किंचित ओलसर करून घ्यायचा, हात नुसता पाण्यात बुडवून फिरवला तरी पुरे, अगदी कोरडा धागा मोडतो आणि केस उभे राहतात. एक माणूस चाक फिरवणार, दुसरा कमरेला वाखाची जुडी बांधून हुकाला सुरुवात अडकवून मागं मागं चालत जाणार आणि बोटांनी सारखे धागे सोडत जाणार. जाडी सारखी ठेवणं हीच सगळी कला. नवीन वाख जोडताना सगळी टोकं एका जागी आणू नका, मागं-पुढं ठेवून मिसळा, नाहीतर दोर तिथंच तुटणार.

पीळ पुरेसा आहे का ते असं बघायचं: सूत थोडं सैल सोडा. आपोआप स्वतःभोवती वळून आढी पडली तर बरोबर. नुसतं लोंबकळलं तर पीळ कमी. ताणलेलं असतानाच गाठी पडायला लागल्या तर जास्त झाला, थोडा उलटा फिरवा.

तीन सुतं (जाड दोर पाहिजे तर प्रत्येक पेडात दोन-तीन सुतं) सारख्या ताणावर एका टोकाला एकत्र बांधा, मध्ये खाचांचा ठोकळा घाला आणि उलटा पीळ देत ठोकळा हळूहळू पुढे सरकवत न्या. ठोकळ्यामागं दोर आपोआप घट्ट होत येतो. एक पेड ढिला राहिला की तो वर उचलून येतो आणि सगळा भार बाकीच्या दोघांवर, अशा दोराला जनावर बांधू नका.

लांबीचा हिशोब करताना दीडपट धरा. पिळताना दोर आखडतो, दहा हात दोर पाहिजे तर सुत पंधरा हात. हे न धरल्यामुळे कासरा आखूड पडतो आणि मग गाठ मारून लांबवायची पाळी येते.

वळून झाला की ताणून एक रात्र ठेवा, जाड्याभरड्या कापडाने घासून वरचे केस काढा, उरलेले ज्योतीवरून झटक्यात फिरवून जाळून घ्या. टोकं सुताने गुंडाळून बांधायला विसरू नका.

सुरुवात साध्या दाव्यापासून करा. मग कासरा. म्होरकी आणि मुसकं (जनावराच्या तोंडाला बांधायचं) विणकामाचं असतं, ते बघून शिकावं लागतं. शिंक्याला तर वेगळीच सफाई लागते, त्याला आता शहरात झाडांच्या कुंड्या टांगायला गिऱ्हाईक आहे. मोटेचा नाडा (विहिरीतनं पाणी ओढायच्या मोटेचा जाड दोर) वळणारे हात आता फारसे सापडत नाहीत, मी पण एकदाच बघितलाय.

वाखाच्या दोराच्या मर्यादा गिऱ्हाईकाला सांगायच्या. तो ताणत नाही, गाठ पक्की धरतो, हाताला कापत नाही, जनावराच्या मानेला नायलॉनसारखं घासून जखम करत नाही. पण कायम ओला राहिला तर कुजतो, आणि तेवढ्याच जाडीच्या नायलॉनइतकं वजन पेलत नाही. विहिरीत माणूस उतरवायला, उंचावर कामाला, असल्या ठिकाणी हाताने वळलेला दोर अजिबात द्यायचा नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असू दे.

८. स्वतःची लागवड करायची असेल तर

सिसलानाला बी धरत नाही. सात-आठ, कधी दहा वर्षांनी मधनं पाच-सहा मीटर उंच दांडा येतो, त्यावर फुलं येतात आणि मग बारकी बारकी रोपं लागतात, हजारांनी. दांडा आला की ते झाड मरतं. ही रोपं किंवा बुंध्याशी फुटणारे मुनवे हेच बियाणं. १८९३ साली रिचर्ड हिंडोर्फ नावाच्या जर्मन माणसाने फ्लोरिडातून हजार रोपं पूर्व आफ्रिकेत टांगा नावाच्या बंदरात मागवली, वाटेत मरून त्यातली ६२ जगली आणि टांझानियाचा सगळा सिसल धंदा त्या ६२ वर उभा राहिला. त्यामुळे रोपं थोडी मिळाली म्हणून नाराज होऊ नका. आपल्या देशात ओडिशात संबलपूर जिल्ह्यात बामरा इथं सिसलचं सरकारी संशोधन केंद्र आहे, जातिवंत रोपांची चौकशी तिथं करा.

रोपं वर्षभर वाफ्यात वाढवून पावसाच्या सुरुवातीला दोन बाय एक मीटरवर लावायची, एकरी साधारण दोन हजार बसतात. माळरान, मुरूम, उतार, सगळं चालतं. चालत नाही ते साठलेलं पाणी, काळ्या चिबड जमिनीत मुळं कुजतात. आणि "पाणी लागत नाही, कष्ट नाहीत, एकरी लाखो" असं सांगून रोपं विकणाऱ्यापासून लांब राहा. पाणी कमी लागतं हे खरं. पण पहिली तीन वर्षं एक रुपया येत नाही, गवत काढावं लागतं, आणि कापणी-खरवडणी सगळी मजुरीची. चांगल्या जमिनीत हे पीक लावू नका, पडीक जागेवर आणि बांधावरच शोभतं.

९. कागदपत्रं, कर्ज घ्यायचं असेल तरच

हाताने करून दोन-चार गिऱ्हाईकं बांधली गेली, त्यांनी पुन्हा मागणी केली, मगच मशीनच्या नादाला लागा. तेव्हा ही फाईल तयार ठेवा:

- आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो
- उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र (ऑनलाईन, फुकट होते, एजंट पैसे मागतात ते देऊ नका)
- जागेचा सातबारा, आठ-अ किंवा भाडेकरार
- मशीनचं कोटेशन, जमलं तर दोन ठिकाणचं
- प्रकल्प अहवाल
- शिक्षणाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला
- लाईट बिल, थ्री फेज आहे का ते आधीच बघा

पीएमईजीपीमध्ये (केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) उत्पादनाच्या धंद्याला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के अनुदान. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना पण साधारण याच धर्तीची, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात. अर्ज करताना त्या वर्षीचे नियम बघून घ्या. लोकांचा घोटाळा होतो तो इथं: पीएमईजीपीचं अनुदान हातात मिळत नाही, ते तुमच्या नावाने बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि धंदा चालू आहे हे तपासल्यावर कर्जात जमा होतं. हप्ता पहिल्यापासून भरायचाच असतो.

१०. विकायचं कुठं

जनावराच्या दोरांना पोळ्याच्या आधीचे तीन आठवडे, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडे बेंदराच्या (तिकडचा बैलांचा सण) आधीचे. तेव्हाच विका, वर्षभर आठवडी बाजारात बसून परवडत नाही. बैल कमी झालेत हे तर दिसतंच आहे, त्यामुळे दुसरी बाजू शोधावी लागते: मांजरांना नखं घासायला खांब बनवणारे सिसलचा दोर घेतात आणि पुण्या-मुंबईत हे गिऱ्हाईक वाढतंय, मॅक्रमेवाले (दोराच्या गाठी मारून शोभेच्या वस्तू करणारे), नर्सरीवाले, रिसॉर्टची सजावट करणारे, भांडी आणि धातू पॉलिश करायची चाकं बनवणारे. मांजरवाल्यांना सहा ते दहा मिलिमीटरचा, एकसारख्या जाडीचा, तेल-वास नसलेला दोर लागतो, त्यांना एक मीटरचा तुकडा नमुना पाठवा आणि भाव किलोवर नाही, मीटरवर ठरवा. कच्चा वाख किलोवर विकायचा म्हटलं तर तुमची गाठ ब्राझील आणि टांझानियाच्या मालाशी आहे, तिथं टिकणं अवघड. वळलेल्या, विणलेल्या मालातच आपल्याला काहीतरी उरतं.

चोथा फेकू नका, शेणात मिसळून खड्ड्यात कुजवला की खत होतं, फक्त ताजा चोथा झाडाच्या बुंध्याशी टाकू नका आणि जनावरांच्या तोंडाला लागेल असा उघड्यावर ठेवू नका.